अलास्का क्रूझवर अस्वले पाहण्याची सहल कशी निवडावी

अलास्काच्या क्रूझचे आरक्षण झाले की जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बंदरातल्या सहलींची लांबलचक यादी दिसू लागते, आणि तिच्यात अस्वलांचे नाव असलेल्या सहली शंभर डॉलरच्या आतल्यापासून ते आठशे-नऊशे डॉलरपर्यंत सर्व किमतींत सापडतात. छायाचित्र बहुतेक सगळ्यांचे एकच असते: प्रवाहात उभे राहून मासा पकडणारे अस्वल. प्रत्यक्षात मात्र एका सहलीत रानातले तपकिरी अस्वल आपल्यासमोर दोन-तीन तास वावरताना दिसते, दुसरीत कुंपणाआड सांभाळलेले अस्वल दिसते, आणि तिसरीत जंगलातून फेरफटका होतो, अस्वल दिसले तर दिसले. हा फरक वर्णनातल्या मजकुरावरून ओळखता येतो, मात्र त्यासाठी काय वाचायचे आणि काय विचारायचे हे आधी ठाऊक असावे लागते. सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून सुटून केचिकन, जुनो, स्कॅगवे, सिट्का आणि आयसी स्ट्रेट पॉइंट यांपैकी काही बंदरे घेणारी आठवडाभराची क्रूझ हीच सर्वाधिक लोक करतात, म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः त्या मार्गासाठी आहे.

आधी तारीख, मग बंदर

सहल निवडताना पहिला प्रश्न असा असावा की आपले जहाज त्या बंदरात ज्या दिवशी असेल, त्या दिवशी तिथल्या अस्वलांचे अन्न कुठे असेल. अलास्कातले अस्वल हिवाळ्याचे पाच-सहा महिने गुहेत काढते आणि उरलेल्या मोजक्या महिन्यांत पुढच्या हिवाळ्यापुरती चरबी साठवते. त्यामुळे जागेपणीचा त्याचा जवळजवळ सगळा वेळ खाण्यात जातो आणि जिथे अन्न एकवटलेले असते तिथेच अस्वलेही एकवटतात. अन्न विखुरलेले असेल तर अस्वलेही विखुरतात, आणि मग कितीही महागडी सहल घेतली तरी दर्शन नशिबावर सोडावे लागते.

मे आणि जूनमध्ये अस्वले खाडीकाठी उगवणारे, लव्हाळ्याच्या कुळातले कोवळे गवत चरतात आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर दगड उलथून शिंपले-खेकडे शोधतात. या दिवसांत ती दिसतात, पण एकेकटी, दूरदूर आणि बहुतेकदा बोटीतून. जुलैच्या सुरुवातीपासून चित्र पालटते, कारण सॅमन मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्यांकडे परतू लागतात. अलास्कात सॅमनच्या पाच जाती आहेत. क्रूझ प्रवाशाच्या दृष्टीने त्यांतल्या सॉकाय, पिंक आणि चम या तीन महत्त्वाच्या, कारण त्या लहान, उथळ ओढ्यांत दाटीने चढतात. अशा ओढ्यावर हंगामाच्या भरात मासा इतका मुबलक असतो की अस्वल तो पुरता खातही नाही. गाभोळीची मादी पकडून पंजाने तिचे पोट दाबते, बाहेर आलेली अंडी चाटून घेते, कातडी आणि डोक्याचा भाग खाते आणि बाकीचा मासा तिथेच टाकून पुन्हा पाण्यात उतरते. टाकलेल्या माशावर समुद्रपक्षी, डोमकावळे आणि गरुड लगेच तुटून पडतात. हे दृश्य पाहायचे असेल तर सर्वसाधारणपणे 10 जुलै ते ऑगस्टअखेर या काळातली क्रूझ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही काही ठिकाणे चांगली असतात, आणि तोवर क्रूझचे दरही बरेचदा उतरलेले असतात.

तारीख आधीच ठरलेली असेल आणि ती मे किंवा जूनच्या पूर्वार्धातली असेल, तर मासे पकडणाऱ्या अस्वलांची जाहिरात करणारी विमानसहल घेऊ नये. त्याऐवजी लहान बोटीतून किनाऱ्याजवळून फिरवणारी सहल घ्यावी, तिच्यात देवमासे आणि सील दिसण्याची शक्यता भरपूर असते आणि काठावर अस्वल दिसले तर तो लाभच ठरतो.

काळे की तपकिरी

आग्नेय अलास्कात काळी आणि तपकिरी अशी दोन्ही अस्वले आहेत, मात्र ती सगळीकडे एकत्र नाहीत. ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ या तीन मोठ्या बेटांवर फक्त तपकिरी अस्वले राहतात. या बेटांवरच्या अस्वलांच्या जनुकांत ध्रुवीय अस्वलांचा अंश आढळल्यामुळे शास्त्रज्ञांना त्यांच्याविषयी विशेष कुतूहल आहे. दक्षिणेकडच्या बेटांवर, म्हणजे केचिकनच्या परिसरात, मुख्यतः काळी अस्वले दिसतात, तर मुख्य भूमीवर दोन्ही असतात. ज्यांना खांद्यावर उंचवटा असलेले धिप्पाड तपकिरी अस्वलच पाहायचे आहे, त्यांनी केचिकनची सहल घेऊन हिरमुसले होण्यात अर्थ नाही. काळे अस्वल कमी प्रतीचे आहे असा याचा अर्थ नव्हे. झाडावर सरसर चढणारी त्याची पिल्ले पाहणे हा वेगळाच आनंद आहे. आपल्याला काय पाहायचे आहे हे पैसे भरण्यापूर्वी ठरवावे, एवढेच.

बंदरानुसार पर्याय

जुनोमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग असे दोन्ही पर्याय आहेत. मेंडेनहॉल हिमनदीच्या पर्यटक केंद्राशेजारी स्टीप क्रीक नावाचा ओढा आहे. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या या ठिकाणी बसने जाता येते, आणि ओढ्यावर जमिनीपासून उंच बांधलेली लाकडी पायवाट असल्याने गुडघेदुखी असलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीलाही ती सोयीची आहे. जुलैच्या मध्यापासून इथे सॉकाय सॅमन येतात आणि त्यांच्यामागे काळी अस्वले येतात. दर्शनाची हमी नाही, गर्दी पुष्कळ असते, आणि अस्वलांना त्रास होऊ नये म्हणून वाटेचा काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. तरीही कमी खर्चात रानातले अस्वल दिसण्याची इतकी चांगली संधी या मार्गावर दुसरी नाही. मात्र 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये या हिमनदीच्या वरच्या खोऱ्यात साठलेले पाणी फुटून खाली पूर आला होता, म्हणून ऑगस्टच्या प्रवाशांनी जाण्याच्या आदल्या दिवशी तिथली स्थिती पाहून घ्यावी.

जुनोहूनच लहान विमानाने अर्ध्या तासाच्या अंतरावर ॲडमिरल्टी बेटावरचे पॅक क्रीक आहे. त्लिंगित लोक या बेटाला कूट्झनूवू, म्हणजे अस्वलांचा गड, म्हणतात. बेटावर सुमारे 1,600 तपकिरी अस्वले असावीत असा अंदाज आहे, म्हणजे साधारण एका चौरस मैलामागे एक. स्टॅन प्राइस नावाचे गृहस्थ 1950च्या दशकापासून 1989 पर्यंत या ओढ्याच्या मुखाशी अस्वलांच्या शेजारी राहिले, आणि आज त्यांच्याच नावाने हे अभयारण्य ओळखले जाते. 5 जुलै ते 25 ऑगस्ट या भराच्या काळात इथे दिवसाला फक्त 24 जणांना परवाना मिळतो. ही मर्यादाच या जागेचे मोल ठरवते. गर्दी नाही, आरडाओरडा नाही, आणि माणसे नेहमी ठरलेल्या जागीच बसत असल्याने अस्वले त्यांच्याकडे लक्षही देत नाहीत. विमान समुद्राच्या पाण्यावर उतरते, तिथून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून काठावर चालत जावे लागते आणि पाऊस असो वा नसो, उघड्यावर बसावे लागते. ज्यांना हे झेपते आणि ज्यांचे जहाज जुनोत पुरेसा वेळ थांबते, त्यांनी इतर दोन सहली वगळून पैसे इथे खर्च करावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.

केचिकनमध्ये गावापासून सुमारे तेरा किलोमीटरवरच्या हेरिंग कोव्हला गाडीने जाता येते. तिथे जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पिंक सॅमन आणि काळी अस्वले दिसतात, आणि ओहोटीच्या वेळी अस्वले उघड्या चिखलपट्ट्यावर येतात. विमानाने जायचे असेल तर नीट्स बे आणि ट्रेटर्स कोव्ह हे काळ्या अस्वलांचे पर्याय आहेत. या दोन्हींहून माझ्या दृष्टीने सरस असे ठिकाण म्हणजे ॲनॅन क्रीक. ते खरे तर रँगल गावापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, तिथून बोट जाते, आणि केचिकनहून विमानाने पोहोचता येते. इथे पिंक सॅमनची दाटी इतकी असते की काळी आणि तपकिरी अस्वले एकाच ओढ्यावर येतात, आणि असे दृश्य फार थोड्या ठिकाणी दिसते. तपकिरी अस्वल धबधब्याशी आले की काळे हळूच खडकांच्या कपारीत सरकते, आणि ते गेले की पुन्हा बाहेर येते. इथेही 5 जुलै ते 25 ऑगस्ट या काळात परवाना लागतो, आणि सुमारे पाऊण किलोमीटरची पायऱ्यांची, मुळांची वाट चालावी लागते.

आयसी स्ट्रेट पॉइंट हे चिचागॉफ बेटावरचे, हूना गावालगतचे बंदर स्थानिक त्लिंगित लोकांच्या महामंडळाच्या मालकीचे आहे. इथून बसने स्पास्की नदीच्या खोऱ्यात जाऊन थोडे चालल्यावर नदीकाठच्या मचाणांवरून तपकिरी अस्वले पाहण्याची सहल मिळते. विमान नको, खर्च मध्यम हवा आणि तपकिरी अस्वलच हवे, अशा कुटुंबासाठी ही सहल योग्य आहे. ऑगस्टमध्ये शक्यता चांगली असते, जूनमध्ये बेताची.

सिट्कातले ‘फोर्ट्रेस ऑफ द बेअर’ हे आई गमावलेल्या पिलांना सांभाळणारे केंद्र आहे. बंद पडलेल्या लगदा गिरणीच्या गोल टाक्यांत ते उभारले आहे. अस्वल दिसणारच, अगदी मे महिन्यातही, आणि लहान मुलांसाठी ते चांगलेही आहे, फक्त ही रानातली अस्वले नाहीत हे मनाशी पक्के असावे. स्कॅगवेहून वेगवान बोटीने पाऊण तासात हेन्स गावी जाता येते, जवळच चिलकूट नदी आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिच्या काठी तपकिरी अस्वले येतात. अडचण एवढीच की ती जास्त करून पहाटे आणि संध्याकाळी येतात, आणि जहाजाची वेळ बहुधा भर दुपारची असते.

ज्यांची क्रूझ सुअर्ड किंवा व्हिटियरला संपते, त्यांनी अँकरेजमध्ये एक-दोन दिवस राखून ठेवले तर सर्वांत मोठा पर्याय खुला होतो. जूनमध्ये लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानातल्या चिनित्ना बेच्या किनाऱ्यावर विमान उतरते आणि गवत चरणारी तपकिरी अस्वले मोकळ्या कुरणात दिसतात. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातला ब्रुक्स धबधबा जुलैमध्ये भरात असतो, तर सप्टेंबरमध्ये लठ्ठ झालेली अस्वले नदीच्या खालच्या भागात दिसतात. मे-जूनची क्रूझ घेतलेल्यांनी जहाजावरच्या सहलीचे पैसे वाचवून चिनित्ना बेसाठी वापरावेत.

काठावरचा वेळ मोजावा

जाहिरातीत सहलीचा एकूण कालावधी ठळक लिहिलेला असतो. आपल्याला हवा असतो तो प्रत्यक्ष ओढ्याकाठी मिळणारा वेळ. साडेतीन तासांच्या विमानसहलीत धक्क्यावरून नेणे, वजन घेणे, सुरक्षेच्या सूचना, जाण्या-येण्याचे उड्डाण आणि वाट चालणे वजा केले तर कधी कधी तासभरच उरतो. अस्वलाचे वागणे उलगडायला वेळ लागतो. ते येते, मासा धरते, झाडीत जाते आणि वीस मिनिटांनी दुसरीकडून उगवते. म्हणून काठावर किमान दीड-दोन तास देणारी सहल घ्यावी, आणि हा आकडा वर्णनात नसेल तर लेखी विचारून घ्यावा. त्याच वेळी आणखी चार गोष्टी विचाराव्यात: अस्वल रानातले की बंदिस्त, गटात किती माणसे, परवाना कंपनीने आधीच घेतला आहे का, आणि विमान रद्द झाल्यास पूर्ण परतावा मिळतो का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर ती सहल सोडून द्यावी.

भरती-ओहोटीचाही हिशेब करावा. कोकण-गोव्यातल्या वाचकाला उधाण म्हणजे काय हे सांगायला नको, पण आग्नेय अलास्कात उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीतला फरक सहा मीटरच्या आसपासही जातो. ओढ्याच्या मुखाशी असलेल्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी मासे उथळ पाण्यात अडकतात आणि अस्वलांचे काम सोपे होते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आगाऊ मिळतात. हेरिंग कोव्हसारख्या ठिकाणी सकाळची की दुपारची फेरी घ्यावी, हे त्यावरून ठरवता येते.

जहाजाकडून घ्यावी की बाहेरून

जहाज कंपनीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, किंवा पुढच्या बंदराला नेण्याची व्यवस्था कंपनी करते. बाहेरून घेतलेल्या सहलीला ही सोय नाही. दुसरीकडे, ॲनॅन आणि पॅक क्रीक इथले परवानाधारक मार्गदर्शक लहान गट नेतात, अनेकदा काठावर जास्त वेळ देतात, आणि त्यांच्या जागा जहाजाच्या यादीत नेहमी असतातच असे नाही. माझा नियम असा आहे की बाहेरची सहल घ्यायचीच असेल तर ती संपण्याची वेळ आणि जहाजावर परतण्याची अंतिम वेळ यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. विमानाची सहल असेल तर त्याहूनही जास्त असावे. अंतिम वेळ म्हणजे जहाज सुटण्याची वेळ नव्हे, ती सहसा त्याच्या अर्धा तास आधीची असते.

दोन बारकावे पुष्कळांच्या लक्षात येत नाहीत. अलास्काची वेळ सिॲटलच्या वेळेपेक्षा एक तास मागे आहे, आणि काही जहाजे एखाद्या बंदरात आपले घड्याळ स्थानिक वेळेशी जुळवत नाहीत, म्हणून बाहेरच्या कंपनीला वेळ विचारताना ती स्थानिक की जहाजाची हे स्पष्ट करून घ्यावे. दुसरे असे की केचिकनला येणारी काही जहाजे गावात न लागता सुमारे अकरा किलोमीटर उत्तरेच्या वॉर्ड कोव्हला लागतात, आणि तिथून गावात बसने यायला बराच वेळ जातो. आपले जहाज कोणत्या धक्क्याला लागते हे पाहिल्याशिवाय सकाळी लवकरची सहल ठरवू नये.

परवान्याच्या जागा मर्यादित असल्याने जुलै-ऑगस्टसाठी हिवाळ्यातच आरक्षण करणे योग्य ठरते. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना घेऊन अनेक मराठी कुटुंबे ऐनवेळी ही क्रूझ ठरवतात. त्यांना पॅक क्रीक बहुधा मिळणार नाही, पण स्टीप क्रीक, हेरिंग कोव्ह आणि स्पास्की नदी हे तिन्ही पर्याय तेव्हाही हाताशी असतात आणि ज्येष्ठांना सोसतील असेही आहेत.

विमान आणि हवामान

केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि धुके व खाली उतरलेले ढग यांमुळे विमानसहली रद्द होणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी पर्यायी योजना आधीच ठरलेली असली की दिवस वाया जात नाही. विमान सुटले नाही तर जुनोत सरळ मेंडेनहॉलची आणि केचिकनमध्ये हेरिंग कोव्हची वाट धरावी. वैमानिकाकडे किंवा कंपनीकडे उड्डाणाचा आग्रह मात्र कधीही धरू नये. 2015 साली केचिकनजवळ क्रूझ प्रवाशांना नेणारे एक विमान डोंगराला धडकून नऊ जण मृत्युमुखी पडले, आणि खराब हवेतही उडण्याची कंपनीतली प्रवृत्ती व स्पर्धेचा दबाव यांकडे तपासात बोट दाखवले गेले. 13 मे 2019 रोजी त्याच परिसरात दोन प्रवासी विमाने हवेत आदळून सहा जण दगावले. या विमानांनी दरवर्षी असंख्य प्रवासी सुखरूप ये-जा करतात, तरी ज्याला मनातून भीती वाटते त्याने बस किंवा बोटीची सहल घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

विमानसहलीसाठी प्रत्येकाचे वजन आधी विचारतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जादा शुल्क घेतात. वजन खरे सांगावे, कारण विमानाचा तोल त्यावरच ठरतो.

जाताना आणि काठावर

पावसाला न जुमानणारे जाकीट आणि विजार, आत लोकरीचा थर, ओली न होणारी पादत्राणे आणि साधारण आठ पट दाखवणारी दुर्बीण एवढे पुरे. छत्री नेऊ नये, ती शेजारच्यांची दृष्टी अडवते आणि अचानक उघडली तर जनावर बिचकते. झाडीत उजेड कमी असतो, फ्लॅश वापरता येत नाही, म्हणून कॅमेरा नेणाऱ्यांनी लांब पल्ल्याची आणि जास्त उजेड घेणारी भिंग निवडावी. अस्वलांना पळवणारा मिरचीचा फवारा विमानाच्या सामानात नेता येत नाही, आणि मार्गदर्शकासोबतच्या सहलीत तो तुम्हांला लागतही नाही.

खाण्याबाबत आपल्या लोकांनी विशेष काळजी घ्यावी. चिवड्याची पुडी, लाडू, मुलासाठीचे बिस्कीट, यांपैकी काहीही ॲनॅनच्या वाटेवर नेता येत नाही. पॅक क्रीकलाही खाद्यपदार्थ अस्वलांच्या आवाक्याबाहेर ठेवावे लागतात. माणसांकडे अन्न असते हे अस्वलाला एकदा कळले की ते वस्तीकडे वळते, आणि वस्तीत शिरणाऱ्या अस्वलाला बहुतेक वेळा गोळी घालावी लागते. अलास्कात अस्वलांना खायला घालणे हा गुन्हा आहे. मधुमेहामुळे थोड्या थोड्या वेळाने खावे लागणाऱ्यांनी आरक्षण करतानाच तसे कळवावे, म्हणजे मार्गदर्शक ठरलेल्या जागी सोय करतो.

काठावर गटाने एकत्र राहावे, हळू बोलावे, मुलांना हाताशी ठेवावे. कॅटमाईत अस्वलापासून किमान पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर, अंतर राखण्याचा नियम आहे. इतरत्र मार्गदर्शक सांगेल ते अंतर पाळावे. अस्वल स्वतःहून जवळ आले तर पळू नये आणि छायाचित्रासाठी पुढेही सरकू नये. मार्गदर्शक सांगेल तसे सर्वांनी मिळून सावकाश बाजूला व्हावे आणि त्याला वाट द्यावी. पिलांसह आलेली मादी दिसली तर मादी आणि पिल्ले यांच्यामध्ये आपण कधीही येणार नाही, याकडे प्रत्येकाने स्वतः लक्ष द्यावे.